विश्लेषण : सायलोत धान्य का अडकते? ते मोकळे करण्यासाठी आत उतरणे जीवघेणे का ठरते?

पोत्यांच्या थप्प्यांऐवजी धान्य सायलोत, म्हणजे पोलादी कोठ्यांत, सुटे साठवण्याकडे कल वाढतो आहे. पंजाबमधील मोगा येथे २ लाख टन क्षमतेचे सायलो २००७ पासून वापरात आहेत. महाराष्ट्रातही पिठाच्या गिरण्या, सोयाबीन प्रक्रिया उद्योग आणि कोंबडीखाद्याचे कारखाने अशा कोठ्या वापरतात. कोठी भरणे सोपे असते. खरी अडचण येते ती खालची झडप उघडूनही धान्य बाहेर पडत नाही तेव्हा.

धान्य पाण्यासारखे का वाहत नाही?

पाण्याच्या टाकीत खोली वाढेल तसा तळावरचा दाब वाढत जातो. धान्याचे तसे नसते. जर्मन अभियंता यान्सन याने १८९५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, ठरावीक खोलीनंतर कोठीच्या तळावरचा दाब जवळजवळ वाढतच नाही. दाणे एकमेकांवर आणि भिंतीवर घासतात आणि वरचे बरेचसे वजन भिंतच पेलते. कोठीची भिंत मजबूत का लागते, हे यावरून कळते. धान्य मध्येच का अडकते, याचेही उत्तर याच घर्षणात आहे.

कोरडा, स्वच्छ गहू पुरेशा मोठ्या तोंडातून विनातक्रार पडतो. ओलावा, बुरशी, कीड किंवा कचरा असला की दाणे एकमेकांना चिकटतात. भिंतींच्या आधाराने त्यांची कमान तयार होते, खालचे धान्य निघून जाते आणि कमानीखाली पोकळी राहते. कधी मधोमध बिळासारखी उभी वाट पडते आणि कडेचे धान्य जागचे हलत नाही. कधी भिंतीला धान्याचा उभा कडा चिकटून राहतो.

आत उतरणे धोक्याचे का?

वरून पाहिले तर धान्याचा पृष्ठभाग सपाट आणि घट्ट दिसतो. त्यावर माणूस उभा राहिला आणि खालची कमान मोडली, तर तो धान्यासह पोकळीत कोसळतो. चिकटलेला कडा खालून टोचला, तर तो अंगावर ढासळतो. खालचा स्क्रू कन्व्हेयर चालू असेल, तर चार-पाच सेकंदांत पाय रुततात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत माणूस पूर्ण गाडला जाऊ शकतो. छातीपर्यंत रुतलेल्याला दोर बांधून ओढणेही घातक असते, कारण चहूबाजूंचे धान्य शरीराला आवळून धरते. सुटकेसाठी त्याच्याभोवती पत्र्याच्या फळ्यांचे कडे रोवून आतील धान्य काढावे लागते. बाहेरून कोठीला ठिकठिकाणी भोके पाडून धान्याची पातळीही उतरवली जाते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील माउंट कॅरोल येथे जुलै २०१० मध्ये मक्याच्या कोठीत धान्य मोकळे करायला उतरलेल्या १४ आणि १९ वर्षांच्या दोघांचा असाच मृत्यू झाला.

दुसरा धोका हवेचा. बंद साठ्यात धान्य, कीड आणि बुरशी प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. जमिनीतले पेव उघडले की जाणती माणसे लगेच आत उतरत नसत. ते काही वेळ उघडे ठेवून आधी पेटता कंदील सोडून पाहत. सायलोत कीडनाशक धुरीचा वायूही असू शकतो. तो कंदिलाने कळत नाही, त्यामुळे तेथे वायुमापकच लागतो.

धान्य मोकळे करणारी यंत्रे कोणती?

सर्वांत चांगला उपाय कोठीच्या आकारातच आहे. युटा विद्यापीठातील अँड्र्यू जेनिके यांनी १९६४ मध्ये हॉपरचा, म्हणजे कोठीच्या खालच्या निमुळत्या भागाचा, उतार आणि तोंडाचा आकार ठरवण्याची पद्धत मांडली. उतार पुरेसा तीव्र आणि आतला पत्रा गुळगुळीत असेल, तर सगळे धान्य एकदम सरकते आणि आधी भरलेले आधी बाहेर पडते.

कोठी आधीच बांधलेली असेल, तर पुढील साधने कामी येतात.

व्हायब्रेटर : हॉपरच्या पत्र्याला बाहेरून बसवलेले, विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे थरथरणारे यंत्र. ते झडप उघडी असतानाच चालवायचे असते. झडप बंद ठेवून चालवले, तर धान्य उलट अधिक घट्ट दाबले जाते.

एअर कॅनन : टाकीत साठवलेली दाबाची हवा क्षणार्धात आत सोडून कमान मोडणारे साधन. कोंडा, पेंड अशा चिकटणाऱ्या मालासाठी ते उपयोगी पडते. त्याचा धक्का कोठीच्या पत्र्याला सोसेल का, हे आधी तपासावे लागते.

हवेचे पॅड : हॉपरच्या आतून बसवलेल्या या पॅडमधून मंद हवा सोडली की पीठ सैल होऊन वाहते. अख्ख्या दाण्यांपेक्षा पिठाला ते अधिक मानवतात.

साखळीचे यंत्र : कोठीच्या माथ्यावरून आत सोडलेल्या फिरत्या साखळ्या चिकटलेला थर झोडून पाडतात. माणूस बाहेरच राहतो.

स्वीप ऑगर : सपाट तळाच्या कोठीत धान्य आपोआप पडून झाल्यावरही कडेने उतरता ढीग उरतो. तळावर गोल फिरणारा हा स्क्रू उरलेले धान्य मधल्या तोंडाकडे ओढतो. तो चालू असताना त्याच्याजवळ माणूस असणे धोक्याचे असते.

धान्याची धूळ पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून विजेवरचे प्रत्येक यंत्र अशा धुळीच्या जागेसाठी बनवलेलेच असावे. पत्र्यावर हातोडे मारण्याची सवय मात्र महागात पडते. पत्रा पिचला की त्या खड्ड्यांतच पुढचे धान्य अडकते.

मुळात अडकू नये म्हणून काय?

ओलावा हे मूळ कारण. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी एरवी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. शेतकऱ्याला त्याचा दिलासा मिळाला, पण असा माल न वाळवता कोठीत भरला तर तो तापतो आणि त्याच्या ढेपा होतात. म्हणून भरण्याआधी चाळणी आणि वाळवणी, भरल्यावर पंख्याने हवा खेळवणे आणि तापमापक तारांवर नजर ठेवणे, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

नियम काय सांगतात?

भारतात २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८च्या कलम ३६ नुसार घातक वायू, वाफ किंवा धूळ असलेल्या बंदिस्त जागेत खबरदारीशिवाय कोणालाही उतरवता येत नसे. जागा सुरक्षित असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला लागे. अन्यथा श्वसनयंत्र आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेला दोर लागे, आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे लागे. अमेरिकेच्या १९८७च्या धान्य हाताळणी नियमांनी आतील यंत्रे आधी बंद करून कुलूपबंद करणे बंधनकारक केले. पायाने तुडवून धान्य खाली ढकलण्यासही त्या नियमांत मनाई आहे.

छोट्या गिरणीवाल्यालाही पाळता येतील अशा गोष्टी थोड्याच आहेत. झडप उघडी असूनही धान्य थांबले, तर आधी स्क्रू बंद करून त्याच्या बटणाला कुलूप लावावे आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात ठेवावी. मग लांब दांड्याने किंवा यंत्राने बाहेरूनच प्रयत्न करावा. वरचे झाकण कुलपात ठेवावे. एखादा आत अडकलाच, तर दुसऱ्याने मागोमाग उडी न मारता अग्निशमन दलाला बोलवावे.