फुली की नाव?

डिसेंबर लागला की लोणावळ्याच्या बाजारात कागदी चांदण्या टांगल्या जातात. दुकानांच्या दारांत कापसाची दाढी लावलेला म्हातारा उभा राहतो आणि हॉटेलांच्या फलकांवर ‘एक्समस’ हा शब्द झळकू लागतो. तो वाचला की मला १९८८ सालचा बँकेतला फळा आठवतो.

तेव्हा मी इथल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. सुट्टीची सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे. फळा लहान, त्यातून निम्मा व्याजदरांनी अडवलेला. उरलेल्या कोपऱ्यात मी इंग्रजीत लिहिले, ‘२५ डिसेंबर, एक्समस, बँक बंद.’ पहिले अक्षर चांगले ठसठशीत, फुलीसारखे.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका पेन्शनसाठी आमच्याकडे येत. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. १८६३ साली बोरघाटातून गाडी धावू लागली तेव्हापासून लोणावळा हे रेल्वेचे गाव. काकांसारखी ख्रिस्ती कुटुंबे त्या नोकरीपायीच इथे आली आणि इथलीच झाली. घाट चढताना गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाला ‘बँकर’ म्हणतात. काकांनी ती चालवली होती. ‘‘साहेब, तुम्हीही बँकर, मीही बँकर,’’ ही त्यांची नेहमीची थट्टा.

त्या दिवशी थट्टा नव्हती. फळ्याकडे बघत त्यांनी विचारले, ‘‘साहेब, आपण फुली कशावर मारतो हो?’’

‘‘चुकलेल्यावर,’’ मी हिशेबनिसाच्या सवयीने म्हणालो.

‘‘मग आमच्या प्रभूच्या नावावर का मारलीत?’’

‘‘काका, जागाच नव्हती,’’ मी हसून म्हणालो. ते ‘‘बरं’’ म्हणाले, पासबुक खिशात घातले आणि निघून गेले. माझे ते हसणे मात्र मला बरेच दिवस टोचत राहिले.

पुढे दोन-तीन वर्षांनी वाचनात एक गोष्ट आली आणि मी उडालोच. ती फुली नव्हतीच! ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक शब्दाचे पहिले अक्षर ‘खी’. दिसायला ते हुबेहूब इंग्रजी ‘एक्स’सारखे. (उच्चार मात्र ‘ख’च्या जवळचा, म्हणजे आपला ‘ख्रिस्त’ मूळ उच्चाराशी इंग्रजीपेक्षा अधिक इमान राखून आहे.) ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतल्या ज्या जुन्या हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत, त्यांत देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द संक्षेपाने लिहून वर आडवी रेघ दिलेली आढळते. इतर साधे शब्द मात्र बहुधा पूर्णच. म्हणजे जागा वाचवण्यापेक्षा पवित्र नाव वेगळे उठून दिसावे, हाच त्यात हेतू असावा. इंग्रजीतही ‘ख्रिसमस’ त्या अक्षराने लिहिण्याची पद्धत निदान सोळाव्या शतकापासूनची आहे.

आणि आपण तरी काय करतो? ‘ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.’ अशी पत्राची सुरुवात करताना बाबांचा मान कमी होतो, असे कोणाच्या मनातही येत नाही. लग्नपत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’मध्ये सगळ्या घरादाराची माया असते. गंमत म्हणजे शिवराज्याभिषेक इ. स. १६७४ मध्ये झाला असे लिहिताना आपणही येशूचेच नाव आखडतो, कारण ‘इसवी’ हा शब्द ‘ईसा’वरून आला आहे.

एवढा दारूगोळा घेऊन मी काकांचे घर गाठले. माझी बदली झाली होती, निरोपही घ्यायचा होता. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते खूश झाले असावेत, कारण त्यांनी ते अक्षर बोटाने टेबलावर काढून पाहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे ते नावच होतं. फार चांगलं झालं, साहेब, तुम्ही सांगितलंत. पण त्या दिवशी फळ्यावर लिहिताना तुम्हाला हे ठाऊक होतं का?’’

मला ठाऊक नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही त्याच वाक्यात शोधतो. आमच्या मावळातल्या भंडारा डोंगरावर बसून चिंतन करणारे तुकोबाराय अभंगात स्वतःला नुसते ‘तुका’ म्हणवतात. आपण मात्र त्यांना तुकोबा म्हणतो, महाराज म्हणतो. आपल्या माणसाने प्रेमाने नाव लहान करणे वेगळे आणि परक्याने घाईत ते उरकून टाकणे वेगळे. भक्तिभावाने ते अक्षर लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखनिकाने अनादर केला नाही. मीही मुद्दाम केला नाही. पण माझ्या मनात त्या नावाचा विचारच नव्हता, होती ती फळ्यावरची जागा. काकांना लागले ते तेच. तेव्हा संक्षेपाला दोष देण्यात अर्थ नाही, आणि ‘ते तर ग्रीक अक्षर आहे’ एवढे सांगून दुखावलेल्या माणसाला गप्प करण्यातही नाही.

शिवाय आपल्याकडे एक शब्द तयारच होता. पोर्तुगीज भाषेतल्या जन्मवाचक शब्दावरून गोव्याच्या वाटेने मराठीत आलेला आणि आता पुरता आपला झालेला, ‘नाताळ’. अवघी तीन अक्षरे. माझ्या फळ्याच्या त्या कोपऱ्यात ती सहज मावली असती.