केबीसी, टॅझो आणि फोन अ फ्रेंड

आजच्या विषयाला निमित्त झालं एका पार्सलचं. गेल्या महिन्यात मी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचा एक जुना संच ऑनलाइन मागवला. तेच ते, ज्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती. कितीला घेतला ते बायकोला सांगितलेलं नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही. पार्सल फोडलं, कार्डं हातात घेतली, एकेक पाहिली, अंडरटेकर, ब्रेट हार्ट, योकोझुना. वजन म्हटलं की योकोझुना, हे अजून पाठ होतं. दहा मिनिटांत सगळी बघून झाली. मग काय? मुलीला विचारलं, खेळतेस का? ती म्हणाली, "बाबा, यात करायचं काय असतं?" मी समजावून सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की सांगण्यासारखं फारसं काही नाहीच. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, रँकमध्ये तेवढं उलटं. संपलं.

मग त्या वयात आपण या गोष्टींसाठी एवढे वेडे का झालो होतो? मी इंदूरच्या रामबागेत वाढलो, तुमच्यापैकी कोणी बडोद्यात, कोणी हैदराबादेत, कोणी सोलापुरात वाढलं असेल. पण आपल्या सगळ्यांच्या खिशात कधी ना कधी हीच रद्दी होती. आमच्या आधीच्या पिढीकडे काडेपेट्यांच्या छापा होत्या, 1987 च्या विश्वचषकाच्या सुमाराला बिग फन बबलगममधली क्रिकेटची कार्डं होती. आमच्या वाट्याला आले टॅझो, म्हणजे चिप्सच्या पाकिटातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या.

टॅझोचं आधी सांगतो, कारण त्यात एक झकास गणित आहे आणि ते मला फार उशिरा कळलं.

समजा संचात 50 टॅझो आहेत आणि प्रत्येक पाकिटात त्यातला कुठलाही एक निघतो, सगळ्यांची शक्यता सारखी. सगळे 50 जमवायला साधारण किती पाकिटं घ्यावी लागतील? बहुतेक लोक शंभरच्या आसपासचा आकडा सांगतात. खरं उत्तर आहे सरासरी 225. आणि गंमत त्या 225 च्या वाटणीत आहे. पहिले 25 टॅझो साधारण 34 पाकिटांतच जमतात, कारण सुरुवातीला जे निघेल ते नवंच असतं. उरलेल्या 25 साठी मात्र 191 पाकिटं लागतात. त्यातही शेवटच्या एका टॅझोसाठी सरासरी 50! कारण आता प्रत्येक पाकिटात तुमचा तो एक निघण्याची शक्यता पन्नासात एक एवढीच उरलेली असते. गणितात याला कूपन गोळा करणाऱ्याचा प्रश्न म्हणतात.

म्हणजे बघा, पहिल्या आठवड्यात पोराला वाटतं की निम्मं काम तर झालं, आता थोडंच राहिलं. प्रत्यक्षात तेव्हा कुठे पंधरा टक्के खर्च झालेला असतो. वेड लावायला आणखी काय हवं? कंपनीला मुद्दाम एखादा टॅझो कमी छापायचीसुद्धा गरज नाही. सगळे सारखे छापले तरी प्रत्येक पोराला कुठला ना कुठला तरी एक 'रेअर' वाटणारच.

यावर उपाय एकच होता आणि तो आपण सगळे करत होतो, अदलाबदल. माझ्याकडे दुबार असलेला तुला, तुझ्याकडचा मला. दहा पोरं एकत्र आली की पाकिटांचा हिशेब एकदम खाली येतो. म्हणजे टॅझोला किंमत होती ती गल्लीमुळे. मी मागवलेल्या कार्डांत नेमकं हेच नव्हतं. संच पूर्ण होता, पण अदलाबदल करायला समोर कोणी नव्हतं.

आता केबीसीकडे येतो. 'कौन बनेगा करोड़पति' सुरू झालं 3 जुलै 2000 ला, स्टार प्लसवर, रात्री नऊ वाजता. मूळ कार्यक्रम ब्रिटनचा, तिथे तो 1998 मध्ये सुरू झाला होता. आपल्याकडे प्रश्नमंजूषा नवी नव्हती. रेडिओवरची बोर्नव्हिटा क्विझ होती, दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' होतं आणि केबीसीच्या मागेही बसूच होते. पण त्या सगळ्या हुशार मुलांच्या स्पर्धा. घरी बसलेल्या माणसाला उत्तर येणं अपेक्षितच नव्हतं. केबीसीने चार पर्याय समोर ठेवले आणि कोचावरचा माणूस एकदम खेळात आला. ज्ञान असलं तर उत्तमच, नसलं तरी "मला बी वाटतंय" असं म्हणता येतं.

आणि पैशांची ती शिडी! तिची रचना जरा नीट पाहू. पहिल्या पर्वात 15 प्रश्न होते. हजारापासून सुरुवात, पाचव्याला 10 हजार, दहाव्याला 3 लाख 20 हजार, पंधराव्याला एक कोटी. 10 हजार आणि 3 लाख 20 हजार हे दोन पक्के टप्पे, तिथून खाली घसरण नाही. बहुतेक पायऱ्यांवर रक्कम दुप्पट होते. आता कल्पना करा, तुम्ही 25 लाखांवर आहात, समोर 50 लाखांचा प्रश्न आहे, फिफ्टी-फिफ्टी घेतल्यावर दोन पर्याय उरलेत आणि तुम्हाला काहीही माहीत नाही. नाणं उडवल्यासारखं उत्तर दिलं तर एकतर 50 लाख, नाहीतर 3 लाख 20 हजार. सरासरी काढा, 26 लाख 60 हजार. हातात आहेत 25 लाख. म्हणजे कागदावर खेळणंच फायद्याचं, पण अगदी किंचित. आणि हरलात तर पावणेबावीस लाख गेले. चारही पर्याय उभे असतील तर तीच सरासरी 15 लाखांच्याही खाली येते. शिडी अशी बांधली आहे की वरच्या पायऱ्यांवर गणित तुम्हाला ठाम उत्तर देतच नाही, शेवटी स्वभावच बोलतो. समोरचा माणूस किती शिकलाय यापेक्षा तो किती धीराचा आहे हे दिसतं आणि आपण पाहतो ते तेच. (जाता जाता एक गोष्ट, दहावा प्रश्न पार केल्यावर अकराव्याला अंदाज मारण्यात काहीच तोटा नसतो. चुकलात तरी तेच 3 लाख 20 हजार. सोडून देणाऱ्यापेक्षा ठोकून देणारा तिथे शहाणा.)

ऑक्टोबर 2000 मध्ये हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला तेव्हा आमच्या घरात जणू आमचाच कोणी जिंकला असं वातावरण होतं. इंदुरात राहून मराठी आडनाव टीव्हीवर दिसलं की तसंही जरा जास्तच कौतुक असतं.

मग आम्ही घरचं केबीसी सुरू केलं. बुटाच्या खोक्याचा कॉम्प्युटर. बक्षिसाला 'नवा व्यापार'मधल्या नोटा. आमचा मोठा चुलतभाऊ बच्चन, आजोबांचा मफलर गळ्यात घालून आणि आवाज बसेपर्यंत खर्जात बोलून. ऑडियन्स पोल म्हणजे वाड्यातल्या पोरांनी हात वर करायचे. आणि फोन अ फ्रेंड म्हणजे स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचं, "आत्याऽऽ!"

आत्याला सगळं यायचं. देशांच्या राजधान्या, पानिपतची सालं, कुठल्या नदीवर कुठलं धरण. अकरावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं. का थांबलं याबद्दल घरात कोणी बोलत नसे. ती आमच्याकडेच राहायची आणि संध्याकाळी गल्लीतली दहा-बारा पोरं ओट्यावर तिच्यापुढे वह्या घेऊन बसायची. अपूर्णांक मी तिच्याकडेच शिकलो, पोळीचे तुकडे करून. यासाठी तिने कधी कोणाकडून पैसा घेतला नाही, आणि कोणी देऊही केला नाही.

त्या दिवसांत केबीसीत जायचं तर फोन लावावा लागे. आत्या मला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायची. लाइन कायम बिझी. ती शांतपणे पुन्हा पुन्हा नंबर फिरवायची, मागची माणसं कुरकुरायला लागली की बाजूला व्हायची, परत रांगेत. उरलेल्या चिल्लरचं मला चिप्सचं पाकीट. माझ्या टॅझोंपैकी बरेचसे त्या बूथच्या फेऱ्यांचे आहेत. पण फोन ती काकांच्या नावाने लावत होती. एकदा मी विचारलं, तू स्वतःच का नाही जात? काकांना तर काहीच येत नाही.

ती हसली आणि म्हणाली, "अरे, तिथे नावाखाली काय करता ते लिहून येतं. माझ्या नावाखाली काय लिहितील?"

मी बारा वर्षांचा होतो. माझं सगळं लक्ष पाकिटात हात घालण्याकडे होतं.

हे वाक्य मला पुन्हा आठवलं 2019 मध्ये. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे केबीसीत एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचं काम, महिना दीड हजार रुपये. तो भाग आत्याने पाहिला. मी फोन केला तेव्हा ती पैशांबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तिने खिचडीचं सांगितलं रे, सगळ्यांसमोर. किती सहज सांगितलं."

नॉस्टॅल्जिया हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बनवला, घरी परतणं आणि वेदना या दोन ग्रीक शब्दांपासून. त्याच्या लेखी तो आजार होता, घराबाहेर पडलेल्यांना जडणारा. आता आपण तो कौतुकाने मिरवतो आणि पार्सलने मागवतो. त्या पार्सलबरोबर माझ्याकडेही काहीतरी आलं, पण ते योकोझुनाचं वजन नव्हतं. बूथच्या काचेआड रिसीव्हर कानाला लावून उभी असलेली आत्या मी त्या दिवशी कितीतरी वर्षांनी पाहिली आणि आपण तिला तेव्हा काहीच उत्तर दिलं नव्हतं हेही आठवलं.

कार्डं कपाटात टाकली आणि इंदूरला गेलो. आत्या आता 71 वर्षांची आहे. केबीसी लागलं की फोनवरच्या ॲपमध्ये बरोबरीने उत्तरं देत बसते आणि गुण वहीत लिहून ठेवते. मी म्हटलं, नोंदणी करू या, तुझ्या नावाने. नको नको म्हणाली, मग चष्मा शोधायला लागली. माझ्या फोनवर मी एकेक रकाना भरत गेलो. नाव. वय. शहर. शिक्षण आलं तेव्हा थांबलो, तर म्हणाली, "अकरावी. खरं ते लिही."

मग व्यवसाय आला.

"रिकामं ठेवलं तर चालतं का?"

ठेवून पाहिलं. पुढे जाईना.

ती ओट्याकडे बघत होती. दोन लहान मुली तिथे वह्या उघडून तिची वाट बघत बसल्या होत्या.

"शिकवण्या," ती म्हणाली. "शिकवण्या घेते, असं लिही."

मी तसं लिहिलं आणि पुढचं बटण दाबलं.