आजच्यापुरती भाकर

नेवाशाच्या माणसाला प्रार्थना म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब आमच्याच गावात आहे. एवढा ग्रंथ सांगून झाल्यावर त्यांनी जे पसायदान मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा, एवढेच मागितले. मी मुसलमान घरातला. घरी अम्मीकडून फातिहा शिकलो. तिसरी प्रार्थना मला समजली ती माझ्या प्राथमिक शाळेतल्या ख्रिस्ती बाईंमुळे, आणि तीही अगदी अलीकडे.

बाई मूळच्या वडाळ्याच्या. १८३१ साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे आमच्या तालुक्यात वडाळ्याला ठाणे केले. त्या मिशनच्या परिसरातच रेव्हरंड टिळकांची मराठी भजने घरोघर पोचली. ख्रिस्ताची प्रार्थना अभंगाच्या चालीवर म्हणणारी माणसे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी बाईंचा मुलगा महामार्गावर ट्रकखाली गेला. मी भेटायला गेलो. सांत्वनाचे शब्द कवीलाही सुचत नाहीत अशा वेळी. मी एवढेच म्हणालो, ‘‘बाई, तुमची प्रार्थना तुम्हाला बळ देईल.’’

बाई म्हणाल्या, ‘‘बळ कुठलं रे? सध्या मी देवाशी भांडते आहे.’’

मला वाटले, श्रद्धा डळमळली. पण बाईंनी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून दाखवली. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी निव्वळ तक्रारीची आहेत. बहुतेकांचा शेवट विश्वासाकडे वळतो. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधारातच संपते. तरीही ते ग्रंथातून कोणी काढून टाकले नाही. म्हणजे दुःखी माणसाने देवापुढे हसरा चेहरा करून उभे राहावे, अशी इथे अट नाही. खुद्द येशूनेही गेथशेमानेच्या बागेत, हा दुःखाचा प्याला टळावा, असेच आधी मागितले. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्यानंतरचे.

श्रोतेहो, मग ही प्रार्थना दृष्टी बदलते ती कशी? येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. ती मिनिटभरात म्हणून होते. तिच्यातल्या तीन गोष्टी मला बाईंच्या घरी उमगल्या.

पहिली गोष्ट, ती अनेकवचनी आहे. एकटा माणूस बंद खोलीत म्हणत असला, तरी तो ‘आमचा’ पिता असेच म्हणतो. दुःख माणसाला एकटे पाडते. हा एक शब्द त्याला परत माणसांत आणून बसवतो. आमच्या फातिहातही मार्ग मागायचा तो ‘आम्हाला’, ‘मला’ नव्हे.

दुसरी, भाकर मागायची ती आजची. उद्याची, वर्षाची नाही. बाई म्हणाल्या, ‘‘मुलाशिवाय उरलेलं सगळं आयुष्य कसं काढू, असा विचार केला की छाती दडपते. आजचा दिवस काढू का, एवढंच विचारलं की उत्तर सापडतं.’’ दुःख तेवढेच राहते. उचलायचे ओझे मात्र एका दिवसाचे होते.

तिसरी सर्वांत अवघड. आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी आम्हाला क्षमा कर, असे तिथे म्हणावे लागते. बाईंच्या डोळ्यांसमोर तिथे तो ट्रकचालक उभा राहतो. मी विचारले, ‘‘केलीत क्षमा?’’

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘नाही रे बाळा. त्या ओळीशी रोज अडते. पण ती गाळत नाही. अडायचं तर तिथेच अडायचं.’’

त्या दिवशी मला प्रार्थनेचा अर्थ कळला. प्रार्थना म्हणजे अर्ज नव्हे, की केला आणि मंजूर झाला. तिने बाईंचा मुलगा परत दिला नाही. आजारात ती औषधाची जागा घेत नाही, की कोर्टात न्यायाची. ती एवढेच करते, की माणसाला रोज एका ठरावीक जागी उभे करते आणि तिथून स्वतःच्या दुःखाकडे, दुसऱ्याच्या चुकीकडे बघायला लावते. त्या जागेवरून सूडाचे रूप जरा वेगळे दिसते.

लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांचा संसार मोडल्यातच जमा होता. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ते सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले, पण लिहिताना हसू सोडले नाही. आपल्या दुःखाकडे थोडे दूर उभे राहून पाहता येणे, ही मोठी कमाई आहे.

गेल्या नाताळात बाईंकडे गेलो होतो. निघताना विचारले, ‘‘ती ओळ?’’

‘‘काल म्हणून झाली,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आज पुन्हा अडले. उद्या बघू.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)