हत्ती की डुक्कर? नाण्यांच्या सूक्ष्म छायाचित्रणाची गोष्ट

1911 साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया बाजारात आला आणि राजाच्या झग्यावरून वाद पेटला. झग्यावरच्या मानाच्या साखळीत एक हत्ती होता. बर्ट्रम मॅकेनल यांनी घडवलेल्या त्या चित्रात सोंड इतकी आखूड होती, की अनेकांना तो डुक्कर वाटला. मुस्लिम समाजातून तक्रारी आल्या, नाणे मागे घेतले गेले, बहुतेक रुपये वितळवले गेले आणि 1912 पासून ठळक सोंडेचा हत्ती आला. संग्राहक आजही 1911 च्या त्या रुपयाला ‘पिग रुपी’ म्हणतात. एवढे रामायण ज्यावरून घडले, ते चित्र तांदळाच्या दाण्याहून लहान आहे.

नाण्यांच्या जगात अशी भांडणे नेहमीचीच. ठिपका आहे की खळगा? अक्षर झिजले की मुळात उमटलेच नाही? भिंगातून एका वेळी एकच माणूस पाहतो आणि बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, अशी जुनी रीत. मायक्रोस्कोपचे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूजवळचे भिंग, कॅमेऱ्याला जोडून नाण्याचे फोटो काढणाऱ्यांनी ही रीत मोडायला घेतली आहे.

या यंत्रात मायक्रोस्कोपचे फक्त नाक घेतलेले असते. साधी मॅक्रो लेन्स नाण्याची प्रतिमा सेन्सरवर मूळ आकाराएवढी पाडते. त्यापुढे जायचे तर 4 पट, 5 पट किंवा 10 पट मोठे करणारे ऑब्जेक्टिव्ह लागते. जुन्या पद्धतीच्या ऑब्जेक्टिव्हवर 160 हा आकडा कोरलेला असतो. ते 160 मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी बनवलेले असते, म्हणून ते बेलोवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या लांब-आखूड होणाऱ्या घडीच्या नळीवर, थेट बसवता येते. नव्या ऑब्जेक्टिव्हवर अनंताचे चिन्ह असते. त्यातून किरण समांतर बाहेर पडतात, त्यामुळे पुढे 200 मिलिमीटरची लेन्स ट्यूब लेन्स म्हणून लावावी लागते. ऑब्जेक्टिव्हचे आटे आणि कॅमेऱ्याच्या लेन्सचे आटे जुळत नाहीत. मधला अडॅप्टर विकत मिळतो, नाहीतर मुंबईत साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात लेथवर ॲल्युमिनियमचा करून घेता येतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. 10 पट मोठेपणाला फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत नाण्याचा जेमतेम 3.6 गुणिले 2.4 मिलिमीटरचा तुकडा मावतो. ऑब्जेक्टिव्हचे न्यूमेरिकल ॲपर्चर 0.25 असेल तर सव्वा-दीड मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो, पण फोकसमध्ये राहणारा थर फक्त आठ-नऊ मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे हत्तीची पाठ स्पष्ट दिसली की पाय धूसर. त्यावर उपाय स्टॅकिंगचा. मोटर लावलेली रेल कॅमेऱ्याला सहा-सहा मायक्रॉन पुढे सरकवते, प्रत्येक पायरीला एक फोटो होतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग तेवढा उचलून एकसंध चित्र बनवते. 200 मायक्रॉनचा उठाव टिपायला चौतीसेक फोटो लागतात. साडेतीस मिलिमीटर व्यासाचा चांदीचा रुपया याच मोठेपणाला पूर्ण टिपायचा म्हटले, तर तुकडे जोडत फोटोंची संख्या पाच-सहा हजारांवर जाते. म्हणून पूर्ण नाणे कमी मोठेपणाला टिपतात आणि 10 पटीचे ऑब्जेक्टिव्ह फक्त वादाच्या जागेसाठी काढतात.

लेन्सपेक्षा उजेड अवघड. चांदी आरशासारखी वागते: दिवा चुकला की अक्षर पांढरे पडते किंवा काळोखात बुडते. 10 पटीच्या साध्या ऑब्जेक्टिव्हचे टोक नाण्यापासून सेंटिमीटरभर अंतरावर येते, मग बाजूने तिरपा उजेड तेवढा आत शिरतो. कारखान्यांतल्या तपासणीसाठी बनवलेल्या मितुतोयो कंपनीच्या ऑब्जेक्टिव्हला सुमारे 34 मिलिमीटर मोकळी जागा मिळते. त्यामुळे उजेड हवा तिथून देता येतो. किंमतही तशीच, म्हणून अनेकजण वापरलेली घेतात. बटर पेपरमधून गाळलेला उजेड चमक शांत करतो. पातळ काच 45 अंशांत ठेवून सरळ वरून पाडलेला उजेड सपाट पृष्ठभाग उजळतो, उठावाच्या कडा काळ्या ठेवतो. तिरप्या उजेडात झीज दिसते, सरळ उजेडात साच्याची आखणी. एकाच हत्तीचे दोन फोटो वेगवेगळ्या प्राण्यांचे वाटू शकतात, ते यामुळेच.

आता हे सगळे मुंबईच्या उपनगरात मांडायचे. नाणे एक मायक्रॉन हलले, तर सेन्सरवर प्रतिमा दहा मायक्रॉन सरकते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडला रुळांलगतच्या इमारतीत लोकलची थरथर जमिनीतून टेबलापर्यंत येते. पंखा बंद, लिफ्ट थांबलेली, खाली रबराचे तुकडे आणि वर ओट्यासाठी वापरतात तसली कडप्प्याची लादी, अशी तयारी लागते. तरीही बारीक काम शेवटची आणि पहिली लोकल यांमधल्या वेळेसाठी राखलेले बरे. फ्लॅशचा क्षणभराचा झोत थरथर गोठवतो, म्हणून सतत जळणाऱ्या दिव्यापेक्षा तो अनेकांना आवडतो. पावसाळ्यात वेगळाच शत्रू असतो: लेन्सच्या आत उगवणारी बुरशी. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात राहतात.

एवढ्या खटाटोपातून हाती काय येते, ते मुंबईच्याच नाण्यांवर पाहता येते. फोर्टमधल्या टांकसाळीची खूण म्हणजे सालाखालचा हिऱ्याच्या आकाराचा छोटा ठसा; तो आजच्या चलनी नाण्यांवरही असतो. त्याहून गमतीची गोष्ट व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाची. 1862 हेच साल कोरलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने साल न बदलता ठिपके वाढवत नेले, त्यामुळे ठिपके मोजले की खरे वर्ष समजते. पण साच्यातून आलेला ठिपका आणि पुढे बसलेला टोला साध्या डोळ्याला सारखेच दिसतात. मोठ्या फोटोत ठिपक्याचा पृष्ठभाग गोलाकार वर आलेला असतो आणि भोवतीच्या धातूच्या रेषा त्याच्याशी जुळून वाहतात. टोल्याभोवती त्या रेषा तुटतात.

या रेषांची भाषा कळली, की बनावट नाणे ओळखणे सोपे जाते. ठशाच्या आघाताने धातू दबतो आणि नाण्याच्या कडेकडे वाहतो. ओतीव नकलेत तो प्रवाह नसतो. तिथे हवेच्या बुडबुड्यांची गोल छिद्रे आणि बोथट कडा दिसतात. दोन ‘वेगवेगळ्या’ प्राचीन नाण्यांवर नेमका एकच ओरखडा एकाच जागी आढळला, तर दोन्ही ओतकामाच्या एकाच साच्यातून आली असल्याचा संशय घ्यावा.

याच रेषा इतिहासही सांगतात; त्यासाठी आता नाशिककडे. 1906 मध्ये गोदाकाठच्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास मांडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा चेहरा, ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अक्षरे खाली. तीन कमानींचा चैत्य वर. जिंकलेल्या शत्रूच्या चलनावर विजयाची मोहोर. कुठली रेघ कुठल्या रेघेला छेदते, हे फोटोत पाहता येते आणि आधीचा राजा कोण, नंतरचा कोण, हे धातूच सांगतो.

उपनगरांचाही या कथेत स्वतःचा हिस्सा आहे. अंधेरी ते मुलुंड हा सारा मुलूख साष्टी बेटाचा, आणि मुंबई-साष्टीत कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची छोटी नाणी मिळाली आहेत. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला नंदी आणि त्याभोवती स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परम भक्त, म्हणवणारा लेख. कृष्णराज सहाव्या शतकातला. पण नाशिकजवळच्या अंजनेरीला मिळालेल्या इ.स. 710 च्या सुमाराच्या भोगशक्तीच्या ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ या नाण्यांचा उल्लेख येतो. म्हणजे हा पैसा दीडशे वर्षे लोकांच्या हातांत फिरत राहिला. अशा झिजलेल्या नाण्यांवर अक्षराचा वरचा भाग जातो आणि तळाशी चिकटलेली रेघ तेवढी उरते; मोठ्या फोटोत तीच शोधायची. त्याच अंजनेरीला 1980 पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, हा योगायोगही छान.

मात्र फोटो वजन सांगत नाही, धातूतले चांदीचे प्रमाण सांगत नाही, आणि उजेडाची दिशा लपवली तर खोटेही बोलतो. म्हणून जबाबदारीने काम करणारे नाण्याला घासत-पुसत नाहीत. वजन, व्यास, मोजपट्टी, मोठेपणा आणि दिवा कोणत्या बाजूला होता, याची नोंद फोटोसोबत ठेवतात. ती नोंद असेल, तर बोरिवलीतल्या संग्राहकाच्या निष्कर्षावर अंजनेरीतला अभ्यासक आक्षेप घेऊ शकतो, तोच उजेड लावून पुन्हा पाहू शकतो आणि प्रसंगी त्याला चूक ठरवू शकतो. पूर्वी जाणकाराच्या शब्दावर वाद संपत असे. आता त्या शब्दासोबत पुरावा मांडावा लागतो, आणि नाण्याच्या अभ्यासाला यंत्राने दिलेली हीच सर्वांत मोठी देणगी आहे.