बाळ बारीक आहे

40 वर्षांपूर्वी मी प्रसूतीच्या वॉर्डात काम सुरू केलं, तेव्हा बारीक बाळ ओळखायला हाताशी शिंप्याची टेप होती. जघनास्थीपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत मोजायचं. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर. 34व्या आठवड्यात 30च भरले की केसपेपरवर नोंद करायची, "ताई, डाव्या कुशीवर झोपा" म्हणायचं, आणि वाट बघायची.

1963 मध्ये डेनव्हरला लुबचेन्को यांनी आठवड्यांनुसार जन्मवजनाचे तक्ते मांडले. दहाव्या शतमानाखालचं बाळ ‘लहान’ ठरू लागलं. पण 100 धडधाकट बाळांतही 10 त्या रेषेखाली असणारच! आपल्याकडे तर तक्ता कुठल्या देशाचा, इथपासून वाद. 2014 मध्ये आठ देशांचा इंटरग्रोथ तक्ता आला. त्यात नागपूरच्या आयाही होत्या, याचं मला फार समाधान वाटलं.

सोनोग्राफीत पोटाचा घेर मला सगळ्यांत बोलका वाटत आला आहे. वार कमी पडू लागली की बाळ यकृतातली साखर खर्च करतं, यकृत लहान राहतं, पोट मागे पडतं. डोकं वाढत राहतं. एकदा मोजून हे कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावं लागतं.

1977 मध्ये डब्लिनहून नाळेतल्या रक्तप्रवाहाचं डॉपलर आलं. त्याने लवकर खुंटणारी बाळं ओळखू येऊ लागली. शेवटच्या महिन्यात मात्र ते फसवतं. नाळेचा आलेख अगदी नॉर्मल, आणि मेंदूच्या धमनीत रक्त जास्त वाहतंय, म्हणजे बाळ आहे तेवढा प्राणवायू मेंदूसाठी राखून ठेवतंय. नाळ ठीक दिसली की मी पूर्वी निश्चिंत व्हायचे. ते चुकीचं होतं.

मग कळा कधी आणायच्या? 36 आठवड्यांनंतरच्या 650 बायकांवरचा डच अभ्यास 2010 मध्ये आला. कळा आणल्याने सिझर वाढले नाहीत. बारकाईने लक्ष ठेवून थांबलेल्यांची बाळंही तेवढीच सुखरूप होती, पण त्यांच्यात फारच बारीक बाळं जास्त निघाली. तेव्हापासून 38व्या आठवड्याच्या आसपास मी थांबत नाही. डॉपलर बिघडलेलं असेल तर त्याआधीच.

गेल्या महिन्यात 37व्या आठवड्याची एक सून आली. सासू म्हणाली, "आमच्यात बाळं बारीकच असतात." सून हळूच म्हणाली, "मॅडम, कालपासून कमी फिरतंय." मी तिला तिथेच टेबलावर घेतलं आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारा एनएसटीचा पट्टा बांधला.