कन्हार मातीतील पापुद्रे

रायपूरच्या मैदानातील काळ्या चिकण मातीस ‘कन्हार’ म्हणतात. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगून त्या भेगा मिटवते. तिने राखलेल्या ओलीवर शेतकरी उभ्या भातातच लाखोळी पेरतात. ह्या पद्धतीस तेथे ‘उतेरा’ असे नाव आहे. परंतु ह्याच फुगण्याने घरांच्या भिंतीही तडकतात. ह्या उपकाराचे व अपकाराचे मूळ एकच आहे.

कन्हार मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी स्तरित सिलिकेटे विपुल असतात. त्यांचा कण म्हणजे पापुद्र्यांची चळतच होय. प्रत्येक पापुद्र्यात सिलिकॉन व ऑक्सिजन ह्यांच्या दोन जाळ्यांमध्ये ॲल्युमिनियमयुक्त जाळे असते. पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकीच भरते. काही ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतली की पापुद्र्यावर ऋण विद्युत् भार येतो. त्याचे संतुलन करणारे सोडियम व कॅल्शियम ह्यांचे आयन पापुद्र्यांमधील फटीत राहतात व पाणी आत ओढतात. त्यामुळे पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते.

निसर्गात ही खनिजे खडक झिजून फार सावकाश बनतात. त्यांत लोहादी द्रव्यांची भेसळ असते व त्यांची घटना जागोजागी बदलते. म्हणून एकेका घटकाचा परिणाम नेमका मोजावयाचा, तर असे खनिज प्रयोगशाळेतच घडवावे लागते. ह्या कृतीस जलतापीय संश्लेषण म्हणतात.

तिचे तत्त्व प्रेशर कुकरचेच आहे. कुकरचे पूर्वरूप असे बंद पात्र डेनी पापँ ह्यांनी १६७९ साली तयार केले होते. तशाच पात्रात शाफहॉइटल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली क्वॉर्ट्झचे सूक्ष्म स्फटिक मिळवले. आज जाड पोलादी पात्रात सिलिका, धातूंची संयुगे व पाणी घालून ते तापवतात. २००° सें. तापमानास आतील दाब वातावरणाच्या सुमारे १५ पट होतो, पण पाणी द्रवरूपच राहते. त्यात घटक विरघळतात आणि नव्या रचनेने पुन्हा घनरूप होतात. मॅग्नेशियम व लिथियम वापरल्यास हेक्टोराइट हे स्तरित सिलिकेट मिळते. कृत्रिम हेक्टोराइट रंगांना दाटपणा आणण्यासाठी वापरतात.

घटकांचे प्रमाण बदलून पापुद्र्यावरील भार कमीअधिक करता येतो आणि फटीतील आयनांचा प्रभावही पारखता येतो. सोडियमऐवजी कॅल्शियम आले, की फुगणे आटोक्यात राहते. म्हणूनच फुगणाऱ्या जमिनीवर पाया घालण्यापूर्वी तीत चुना मिसळतात. शेतास हवी असलेली ओल आणि घरास हवा असलेला आधार, ह्या दोहोंचा विचार अशा रीतीने एकाच पापुद्र्यापाशी येऊन ठेपतो.