दांडा हलत नाही, तरी बळ कळतं

मैदानाचं विज्ञान : भाग ६

गेल्या भागात आपण उडी मोजली. आज जे जागचं हलतच नाही, ते मोजायचं आहे.

पावसाळ्यात धानाच्या बांधीत रुतलेली बंडी आठवा. चार गडी खांदा लावतात, पोटऱ्या थरथरतात, दम निघतो. बंडी मात्र तिथेच. स्नायू सगळा जोर लावतात, पण सांधा हलत नाही. अशा जोराला आयसोमेट्रिक म्हणतात. वजन उचलायचं नसल्याने नवख्याला तंत्र लवकर जमतं, म्हणून बळ मोजायला ही पद्धत सोयीची.

सर्वांत रुळलेली चाचणी अशी : लोखंडी दांडा मांडीच्या मध्यावर पक्का जखडतात. खेळाडू गुडघे किंचित वाकवून फोर्स प्लेटवर उभा राहतो. पकड सुटू नये म्हणून मनगटं पट्ट्याने दांड्याला बांधतात. इशारा मिळताच पाय जमिनीत रोवत पाच सेकंद खेचायचं. प्लेट सेकंदाला साधारण हजार वेळा जोर नोंदवते आणि पडद्यावर चढती रेघ उमटते.

त्या रेघेचं टोक म्हणजे कमाल बळ. पण ती किती उभी चढते, यात खरी गोम आहे. समजा, साठ किलोच्या दोन मुलांनी दीडशे किलोइतका जोर लावला. एकाने पहिल्या ०.२ सेकंदातच शंभर गाठले, दुसऱ्याने सत्तर. टोक सारखं, पण स्फोटकता वेगळी. शंकरपटातली जोडी किती ओढू शकते यापेक्षा सुटताक्षणी किती ओढते, हे पाहतात ना, तसंच.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरापोरींसाठी हा फरक गुणांचा आहे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. वेगात धावताना पाऊल जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास टिकतं. कमाल जोर गाठायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे शंभर मीटरमध्ये पूर्ण बळ वापरायला सवडच नसते; जे झटकन निघेल तेवढंच कामाचं. ज्याचं टोकच ठेंगणं, त्याने आधी वजनाचा सराव करावा. टोक उंच पण चढ मंद असेल, तर उड्या आणि छोट्या धावा.

फोर्स प्लेट महाग. गावच्या मैदानावर फळीला साखळी, साखळीला मोठ्या क्षमतेचा लटकता काटा आणि त्याला दांडा जोडला, की कमाल जोर कळतो. चढ त्यात दिसत नाही. त्यासाठी उभ्याने लांब उडी सोबत मोजावी.

आता सावधगिरीची गोष्ट. १८०० साली फ्रान्सहून निघालेल्या बोदँच्या सागरी मोहिमेत फ्राँस्वा पेराँ याने रेन्येने बनवलेला बळमापक नेला होता. टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोरच्या रहिवाशांना त्याने तो दाबायला लावला. आकडे युरोपियनांपेक्षा कमी आले, आणि त्याने ठरवून टाकलं : ‘रानटी’ माणूस दुबळा असतो. ज्यांनी ते यंत्र कधी पाहिलं नव्हतं, ज्यांच्याशी धड बोलताही येत नव्हतं, त्यांचा बुजरेपणाही त्या आकड्यांत उतरला असेल, हे त्याने धरलं नाही.

भामरागडच्या आश्रमशाळेतली मुलगी पहिल्यांदा जखडलेल्या दांड्यापुढे उभी राहील, तेव्हा तीही बुजेल. म्हणून आधी अर्ध्या जोराने, मग पाऊण जोराने सराव. सूचना तिला कळेल त्या भाषेत, गोंडी किंवा माडियातही, नेमकी द्यावी : ‘जोरात आणि झटकन’. नुसतं ‘जोरात’ म्हटलं तर रेघ आळसावते. मधे विश्रांती देऊन तीनदा खेचू द्यावं. तुलना शेजारणीशी नको, तिच्याच मागच्या महिन्याशी हवी.

आणि पहिल्या दिवशीचा आकडा वहीत लिहायचाच नाही. तो दिवस दांड्याशी ओळख व्हायचा.

(पुढील भागात : गोळा नेमका कुठून सुटतो?)